अबोला धरून पोरगं ऐकेल का?

ताई, सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. १४ वर्षांच्या मुलानं उपकारस्तुतीच्या, म्हणजे चर्चमध्ये देवाला द्यायच्या दानाच्या, पाकिटातले ३०० रुपये काढून मोबाईल गेममध्ये घातले, वर मी नाही घेतले म्हणून खोटं बोलला, तुम्ही रागाच्या भरात "मला आई म्हणू नकोस" म्हणालात आणि आज ८ दिवस झाले, तुमचा त्याच्याशी अबोला आहे. सासूबाई बायबलमधलं मुलाला छडी द्यावी असं सांगणारं वचन काढून बसल्यात, चर्चचे पाळकसाहेब म्हणतात क्षमा करा. आणि तुम्ही विचारताय की असं लगेच माफ केलं तर पोरगं डोक्यावर बसेल, मग ते आज्ञा पाळायला शिकणार कधी?

तुमचा राग खोटा नाही हो. देवासाठी बाजूला काढलेले पैसे घरातल्याच मुलानं घेतले की आईच्या पोटात कालवतंच, ते मी समजू शकते.

पण एक बघा, आपण मराठीत काय म्हणतो, "पोरगं ऐकत नाही". म्हणजे आज्ञा पाळत नाही. ऐकणं आणि पाळणं आपल्याकडे एकच शब्द. बायबलात अनुवाद ६:४ मध्ये "हे इस्राएला, श्रवण कर" आहे ना, तिथला 'शमा' हा इब्री (हिब्रू) शब्दही असाच आहे, ऐक आणि ऐकून पाळ, दोन्ही त्यातच. आणि पुढे सातव्या ओवीत आईबापांना सांगितलंय की घरात बसता, वाटेनं चालता, निजता, उठता या गोष्टी मुलांशी बोलत जा. बोलत जा! आता तुम्ही ८ दिवस तोंडच उघडलं नाही तर त्यानं ऐकायचं काय, ताई?

माझ्या मुलीची गोष्ट सांगते, ती तेव्हा पाचवीत होती. परीक्षेच्या पेपरवर माझी सही तिनंच करून टाकली होती, मला कळल्यावर मी बोलणं बंद केलं, इतकं की सकाळी वेणीसुद्धा घातली नाही, म्हटलं तुझी तू घाल. दोन दिवस ती तशीच शाळेत गेली, वाकडा भांग, एक वेणी वर एक खाली, रिबिनीची गाठ बसेना म्हणून दाताने ओढलेली. तिसऱ्या दिवशी मला बघवेना. तिला पुढ्यात बसवलं, सगळं सोडलं, तेल लावून परत घातली, सहीचा 'स'ही काढला नाही. दुसरी वेणी अर्धी झाली तेव्हा तीच म्हणाली, "मम्मी, अजून एका पेपरवर पण केलीय." तो दुसरा पेपर मला माहीतच नव्हता, आणि दोन दिवसांच्या अबोल्यानं तो कधीच बाहेर आला नसता.

जक्कयाचं तेच झालं (लूक १९). लोकांना लुबाडणारा जकातदार, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशूनं आधी हिशोब नाही मागितला, नाव घेऊन हाक मारली, आज तुझ्या घरी उतरायचंय म्हणाला. चौपट परत करतो हे जक्कय त्यानंतर बोलला, कोणी न सांगता. कृपा म्हणजे चोरी चालते असं नाहीच मुळी, चोरलेलं परत करायची ताकद माणसाला कृपेनंच येते असं मला मनापासून वाटतं. दहा आज्ञांचंही तसंच, निर्गम २० उघडून बघा, पहिली आज्ञा यायच्या आधी देव म्हणतो की तुला दास्यगृहातून बाहेर काढणारा तो मीच. आधी सोडवणूक, मग आज्ञा.

छडीचं म्हणाल तर नीतिसूत्रे १३:२४ मधली छडी आणि स्तोत्र २३ मध्ये धीर देणारी मेंढपाळाची काठी, यांना इब्रीत शब्द एकच आहे. हे सासूबाईंना प्रेमानं सांगा, वाद घालू नका. आणि इफिस ६:४ पण वाचून दाखवा, मुलांना चिरडीस आणू नका, ते वचन फार कमी घरांत वाचलं जातं.

आज रात्री त्याच्याशी बोला. आधी स्वतःच्या त्या वाक्याची माफी मागा, "आई म्हणू नकोस" हे बोलायला नको होतं असं स्पष्ट म्हणा, त्यात 'पण तू' घालू नका. ३०० रुपये त्यानं परत करायचेच, खाऊच्या पैशातून आठवड्याला ५० टाकले तरी ६ आठवड्यांत होतील, आणि तोपर्यंत गेम बंद. चिडेल, दार आपटेल, तरी हे ढिलं सोडू नका. फक्त त्याला कळू द्या की ६ आठवडे पैशांचे आहेत, तुमच्या मायेचे नाहीत, माया आजपासूनच परत सुरू. चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबूल करायला मात्र लावू नका, त्या वयात ते फार खोल लागतं.

नवीन पाकीट आणा, त्यावर नाव त्यालाच लिहू दे. आणि या रविवारी चर्चला येत नाही म्हणाला तर ओढत नेऊ नका, निघताना त्याच्या दाराशी थांबून नावानं एक हाक मारा, डब्यात पोहे ठेवलेत म्हणून सांगा आणि जा.