फोटोत छातीवर रॉकेटचा बिल्ला आहे, म्हणजे हा माणूस अवकाशात जाऊन आला का?

नाही. तुमचे नातेवाईक अमेरिकी हवाई दलात होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तिथलंच सांगतो. अंतराळवीराचा बिल्ला वेगळा. त्यात वैमानिकाचे पंख असतात आणि त्यावर उल्केसारखा तारा. तो 50 मैलांच्या, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरच्या वर उड्डाण केलेल्यांनाच मिळतो. नुसतं उभं रॉकेट असेल तर तो क्षेपणास्त्र दलाचा बिल्ला. तो 1958 पासून आहे आणि तिकडे त्याला लाडाने ‘पॉकेट रॉकेट’ म्हणतात.

आता फोटो मोठा करून पानांचं कडं शोधा. बहुतेकांची गफलत इथेच होते, कारण कडी दोन प्रकारची असतात. रॉकेटभोवती कडं असेल तर माणूस ‘ऑपरेशन्स’चा, म्हणजे भूमिगत नियंत्रण कक्षात दोघांच्या जोडीने पहारा देणारा. हा प्रकार 1988 मध्ये आला. कडं नसेल तर बहुधा देखभालीचं काम, पण फोटो 1988 च्या आधीचा असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. वरच्या टोकाला सुटा तारा म्हणजे सीनियर दर्जा, आणि त्या ताऱ्याभोवती कडं म्हणजे त्याहून वरचा मास्टर. हे दुसरं कडं हुद्द्याशी जोडलेलं नाही, अनुभवाशी आहे.

पृथ्वीचा गोल, भोवती कक्षा आणि वर टोक केलेला त्रिकोण दिसला तर तो अवकाश बिल्ला. 2005 मध्ये उपग्रहवाले आणि क्षेपणास्त्र चालवणारे, दोघांनाही हाच दिला गेला. डिसेंबर 2009 मध्ये क्षेपणास्त्रं हवाई दलाच्याच ‘ग्लोबल स्ट्राइक कमांड’ या विभागाकडे गेली आणि पुढे ती चालवणारी माणसं रॉकेटच्या बिल्ल्यावर परतली. त्यामुळे फोटोचं साल कळल्याशिवाय या बिल्ल्यावरून काम सांगणं धोक्याचं.

हाच बिल्ला भूदलातही दिसतो. तिथे अवकाशविषयक पदावर पूर्णवेळ सैनिकाला 12 महिन्यांनी मूळ बिल्ला, 48 नंतर सीनियर, 84 नंतर मास्टर. राखीव दलात हेच 24, 60 आणि 96.

रोजच्या चट्ट्यापट्ट्याच्या गणवेशावर बिल्ला धाग्याने विणलेला असतो आणि बारकावे पुसट होतात. तिथे नावाच्या पट्टीचा धागा बघा: हल्लीच्या गणवेशात हवाई दलाचा तपकिरी, स्पेस फोर्सचा (अमेरिकेच्या अवकाश दलाचा) निळा, भूदलाचा काळा.

घरात धातूचा बिल्ला सापडला तरी तेवढ्यावर खात्री धरू नका, कारण असे बिल्ले दुकानात सर्रास विकत मिळतात. सैन्य सोडताना मिळालेला ‘डीडी 214’ हा सेवेच्या नोंदीचा कागद शोधा. त्यातल्या 13 क्रमांकाच्या रकान्यात पदकांबरोबर बिल्लेही लिहिलेले असतात.