दाखल, दाखला आणि एक वस्तू तीन फोल्डरांत

प्रश्न असा आला आहे: “आम्ही बडोद्यात एका ऑब्जेक्ट डेटाबेसवर, म्हणजे माहिती ‘वस्तूं’च्या रूपात साठवणाऱ्या प्रणालीवर, काम करतो. एकच वस्तू एकाच वेळी अनेक फोल्डरांत राहू शकेल अशी सोय आता देतो आहोत. मराठी स्क्रीनवर ‘या फोल्डरातही नक्कल करा’ असं लिहिलं आहे. ते बरोबर आहे का? आणि फोल्डरला धारिका म्हणावं की नस्ती?”

बरोबर नाही. हे ‘नक्कल’ प्रकरण आता फार झालं. मूळ वस्तूला हातही न लावता तिचं नाव आणखी एका जागी लिहिलं, तरी लोक ‘कॉपी मारली’ म्हणतात, आणि भाषांतर करणारा डोळे मिटून ‘नक्कल’ लिहितो. नक्कल झाली म्हणजे वस्तू दोन झाल्या. एकीत फेरफार केला तर दुसरीला त्याचा पत्ता नसतो. जुन्या कागदांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असे तो त्यासाठीच. कागद दोन आहेत आणि ते जुळतात, याची कुणीतरी हमी घ्यायची. तुमच्याकडे कागद एकच, मग हमी कसली? शिवाय अरबीत ‘नक्ल’ म्हणजे मुळात वाहून नेणं, वाहतुकीला तिथे आजही हाच शब्द आहे. म्हणजे व्युत्पत्ती धरून बसलं तर तुमचं बटण सांगतं की इथून उचला आणि तिथे नेऊन ठेवा. तेही तुम्हाला नको आहे. ‘प्रत’चीही तीच गत, वेगळं लिहीत नाही.

तुम्हाला हवा तो शब्द आहे ‘दाखल’. वस्तू एक, तीन फोल्डरांत दाखल.

आता यावर दोन हरकती हमखास येतात. पहिली शुद्धिवाल्यांची: अरबी कशाला, ‘प्रविष्ट’ म्हणा. म्हणा की! पण त्याचं नाम काय करणार? ‘प्रविष्टी’ हिंदीत चालते. मराठीत परीक्षेला प्रविष्ट झालेले विद्यार्थी तेवढे असतात. दुसरी हरकत ‘दाखला’ हा शब्द ‘दाखवणे’पासून आला असं सांगणाऱ्यांची, आणि ही मंडळी मला जास्त छळतात. “जो दाखवायचा तो दाखला” असं ठणकावून सांगतात, वर्गातही शिकवतात. साफ चूक. ‘दाखवणे’ हे प्राकृतातल्या ‘दक्ख’कडून, म्हणजे ‘दृश्’च्या घराण्यातून आलेलं आपलं क्रियापद. ‘दाखला’ अरबी ‘दखल’ या धातूचा. त्याचा अर्थ आत शिरणं. ‘दखल घेणे’तली दखल तीच, ‘दवाखान्यात दाखल’मधला दाखल तोच. तरी गंमत पाहा: शाळा सोडल्यावर हातात मिळतो तो कागदही ‘दाखला’! बाहेर पडल्याचा पुरावा, नाव मात्र आत शिरण्याचं.

हे कसं झालं असेल? माझा तर्क असा. कचेरीत एखादी गोष्ट वहीत दाखल झाली की ती नोंद म्हणजे दाखला. वाद निघाला की वही उघडून तो दाखला पुढे करायचा. म्हणून नोंदीचा पुरावा झाला, आणि पुराव्याचं उदाहरण. आणि वही सारखी दुसऱ्याला ‘दाखवायची’ असल्याने हा अरबी शब्द त्या देशी क्रियापदाच्या नात्यातला वाटू लागला असेल. शब्द परका, पण कानाला घरचा वाटला म्हणून इतका रुजला असावा. तसं असेल तर ‘दाखवणे’वाल्यांना वास बरोबर आला, फक्त बापाचं नाव चुकलं. आपल्या बडोद्यात तर त्याने आणखी एक घर केलं. गुजरातीत गणिताच्या उदाहरणाला ‘दाखलो’ म्हणतात, त्यामुळे इथल्या मराठी घरांतली मुलंही ‘दाखले सोडवतात’. पुण्याचा पाहुणा ते ऐकून चक्रावतो, त्याला वाटतं पोरं तलाठ्याकडे निघाली आहेत.

असो, तुमचा डेटाबेस. युनिक्स या संगणकप्रणालीत डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, ही फक्त फाइलींची नावं आणि क्रमांकांची यादी असते. एकच क्रमांक दोन याद्यांत दोन नावांनी लिहिता येतो, त्याला हार्ड लिंक म्हणतात. हे खरे दाखले: त्यांत थोरला-धाकटा नाही, म्हणून ‘मूळ फोल्डर’ हा शब्दही स्क्रीनवरून काढा. फाइलला किती नावं आहेत हे मोजलेलं असतं. शेवटचं नाव गेलं आणि ती कुणी उघडून बसलेलं नसलं, की फाइल जाते. सिम्बॉलिक लिंक वेगळी. तिच्यात नुसता पत्ता असतो, मालक घर बदलून गेला तरी पाटी जुनीच. तिला ‘दुवा’ म्हणा, माझी ना नाही. पण दोन्हींना सरसकट ‘दुवा’ म्हणणारे तज्ज्ञ हा फरकच पुसून टाकतात. गूगल ड्राइव्हने सप्टेंबर २०२० अखेर एक फाइल अनेक फोल्डरांत ठेवण्याची सोय बंद करून शॉर्टकट आणले, तेव्हा नेमकं हेच झालं: दाखले गेले, दुवे आले.

ही सोय देणं अवघड का, तेही शब्दातच आहे. दाखल झालं म्हणजे घरातलं झालं, आणि घराचे नियम लागू झाले. झोप (Zope) नावाच्या, वेबसाइटी बनवण्याच्या प्रणालीत (होय, झोपच) वस्तूला बरेचसे अधिकार तिच्या फोल्डराकडून वारशाने मिळतात. वस्तू दोन घरांत दाखल असेल तर नियम कुणाचे? ज्या दाराने आलात त्या घराचे. म्हणजे एका दाराने वाचता येतं आणि दुसऱ्या दाराने येत नाही. ग्रंथालयांनी हा पेच कधीच सोडवला होता. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डनना बोलावून इथली ग्रंथालयं उभी केली. कार्डांची सूची ज्याने चाळली आहे त्याला माहीत असतं की पुस्तक कपाटात एकाच जागी असतं, पण कार्डं लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक. नियम पुस्तकाला, कार्डांना नाही. तुम्हीही अधिकार वस्तूवर ठेवा.

काढण्याच्या बटणावर ‘डिलीट’ नको, ‘नष्ट करा’ तर मुळीच नको. ‘दाखल’ची जोडी ‘खारीज’शी: ‘खरज’ म्हणजे बाहेर पडणं. आपला ‘खर्च’ त्याच धातूचा, पैसा बाहेर पडतो म्हणून. उत्तर हिंदुस्तानात जमिनीवरचं नाव बदलण्याला ‘दाखिल-खारिज’च म्हणतात. तेव्हा ‘या फोल्डरात दाखल करा’ आणि ‘या फोल्डरातून खारीज करा’. शेवटच्या फोल्डरातून खारीज होताना मात्र वेगळं विचारा, कारण त्यानंतर वस्तूपर्यंत पोचायचा रस्ताच उरत नाही आणि डेटाबेसची साफसफाई तिला उचलून नेते.

धारिका की नस्ती? फोल्डर. पुल्लिंगी, अनेकवचन ‘फोल्डर’च, ‘फोल्डर्स’ नाही.