भास्करबुवा आणि अभिषेकीबुवा: नाट्यपदांच्या चालीत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की नाटकांच्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले आणि त्यांच्या नंतरच्या काळातले जितेंद्र अभिषेकी, दोघांचीही नाट्यपदं कानाला सारखीच क्लासिकल वाटतात, मग अभिषेकींनी नाट्यसंगीत बदललं असं सगळे का म्हणतात. मी पुण्यात नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करतो, त्यामुळे थिअरीपेक्षा वाजवताना जे जाणवतं तेच सांगतो.

माझ्या मते सगळा फरक एका गोष्टीतून येतो. भास्करबुवांकडे चाल आधी आणि शब्द नंतर, अभिषेकीबुवांकडे शब्द आधी आणि चाल नंतर.

१९१६ चं 'स्वयंवर' घ्या. नाटक खाडिलकरांचं, कंपनी गंधर्वांची, रुक्मिणी स्वतः बालगंधर्व. भास्करबुवा चिजा, म्हणजे रागातल्या तयार बंदिशी, सुचवायचे आणि खाडिलकर त्या चिजांच्या मापात मराठी शब्द बसवायचे. बिहाग रागातलं 'मम आत्मा गमला' आठवा, त्यात लगेच पुढे 'नकळत नवळत हृदय तळमळत' येतं, सगळी लघु अक्षरं एकापाठोपाठ, नुसतं वाचायला गेलात तर जीभ अडखळते पण गाताना कुठेच अडत नाही, कारण ती अक्षरं वाचण्यासाठी लिहिलेलीच नाहीत, लयीत घरंगळत जावीत म्हणून लिहिलीयत. अर्थ तिथे दोन पावलं मागे उभा असतो आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता पेटीवर काय होतं बघा. 'स्वयंवर'मधलंच 'सुजन कसा मन चोरी' भूप रागातलं, म्हणजे मध्यम-निषाद नाहीतच, जेमतेम पाच स्वर. मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, वाजवून झाला की पुढे गायक काय करेल याचा भरवसा नसतो, एकाच शब्दावर चार वेगवेगळ्या जागा (छोट्या सुरावटी) घेईल, गंधारावर थांबेल, तानेनं खाली येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडेल, आपण फक्त कान लावून मागे मागे जायचं. बुवांनी बांधलेली चाल म्हणजे रागाचं दार आहे, ते उघडून दिलं की आत किती फिरायचं ते गाणाऱ्यानं ठरवायचं. बालगंधर्वांना वन्समोअर मिळायचे आणि प्रत्येक वेळी तेच पद नव्यानं उलगडायचं, नाटकं रात्र रात्र चालायची त्यात याचा मोठा वाटा आहे.

आणि तुम्हाला दोघं सारखे वाटतात त्याचं कारण मला वाटतं रेकॉर्डिंग. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे रंगमंचावर ऐसपैस चालणारं पद तिथे आवळून गायलं गेलं, अभिषेकींची पदंही साधारण तेवढीच, मग यूट्यूबवर एकापाठोपाठ एक लावली की फरक दिसणार कसा? स्वयंवरचं पद एखाद्या मैफलीत, गायकाला मोकळं सोडलेलं असताना ऐका.

अभिषेकींचा काळच वेगळा. १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' आलं तेव्हा प्रेक्षकाला रात्रभर बसायचं नव्हतं आणि कानेटकरांच्या नाटकात गोष्ट पुढे सरकायला हवी होती. त्यातलं 'गर्द सभोवती रान साजणी' ही बालकवींची कविता आहे. बालकवी १९१८ मध्येच गेले, म्हणजे शब्द कित्येक वर्षं आधीपासून पक्के, त्यात काना-मात्रासुद्धा बदलायची सोय नाही, चालीनंच वाकायचं. ती चाल कशी वाकलीय बघा, 'चाफेकळी' शब्द कुठेही तुटत नाही, बोलल्यासारखा अख्खा येतो. आशालता वाबगावकर यांनी ते गायलं आणि त्यात ताना मारायचा मोह कुणाला होत नाही, झाला तर गाणं बिघडतं. पेटीवाल्यालाही तिथे मधले तुकडे ठरलेले वाजवायचे असतात, उगाच आपली कलाकारी घुसडायची नाही.

'हे सुरांनो चंद्र व्हा' तर मला कितीही वेळा वाजवलं तरी पुरत नाही. कुसुमाग्रजांचे शब्द, राग चारुकेशी, जो मुळात कर्नाटक संगीतातला. खालचे स्वर सगळे शुद्ध, उजळ, आणि वर गेलात की धैवत-निषाद कोमल. प्रियकराला चांदणं पोचवा म्हणणाऱ्या गाण्यात आशाही हवी आणि विरहही हवा, आणि हा राग दोन्ही एकाच सप्तकात देतो. इथे राग शब्दांसाठी निवडलाय हे लख्ख कळतं. अभिषेकींचे वडील मंगेशीला कीर्तन करायचे, शब्द लोकांपर्यंत पोचलाच पाहिजे ही सवय तिथूनच आली असावी असं मला नेहमी वाटतं.

पण म्हणून एक शास्त्रीय आणि दुसरा सुगम असा हिशोब मांडू नका, चूक होईल. भास्करबुवा आग्रा घराण्याच्या (घराणं म्हणजे गायकीची परंपरा) नत्थनखाँकडे शिकले, जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँकडेही शिकले. अभिषेकींना आग्र्याची तालीम जगन्नाथबुवा पुरोहितांकडून आणि अझमत हुसेनखाँकडून मिळाली, जयपूरची गुलुभाई जसदनवालांकडून, आणि जसदनवाला परत अल्लादियाखाँचेच शिष्य. विहीर एकच, म्हणून तर तुमच्या कानाला साम्य लागतं, ते खोटं नाहीये.

आणि गरज पडली तेव्हा अभिषेकींनी भास्करबुवांसारखं दार सताड उघडलंय. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये गोष्टच दोन घराण्यांची, तिथे 'घेई छंद मकरंद' हे एकच पद त्यांनी दोन वेगळ्या चालीत बांधलं, एक धानी रागात, एक सालगवराळी रागात. शब्द तेच पण माणूस बदलला की गाणं किती बदलतं ते तिथे प्रेक्षकाला कानानंच कळायला हवं होतं. वसंतराव देशपांडे त्यातलं सालगवराळीतलं पद घेऊन जिथे जिथे फिरतात तिथे मला पुन्हा स्वयंवरचा मोकळेपणा ऐकू येतो. तुम्ही ऐकायला सुरुवात करणार असाल तर याच दोन चाली आधी लावा, मग 'मम आत्मा', आणि शेवटी 'गर्द सभोवती'.