‘हूटनॅनी’ला मराठीत काय म्हणावे?

साठच्या दशकातल्या अमेरिकी लोकसंगीतावरचा मजकूर मराठीत आणताना एका वाचकाला ‘हूटनॅनी’ हा शब्द अडला. तिथे ‘मैफल’ लिहिले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. मैफलीत ऐकणारा दाद देतो, गात नाही. हूटनॅनीत एक जण गिटार किंवा बँजो घेऊन पुढे येतो, दोन-तीन गाणी म्हणतो, मग दुसरा येतो. आणि ध्रुवपद आले की सगळी बैठक ते उचलून धरते. श्रोत्यांना गायला लावणे हाच तर अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांचा हातखंडा होता.

शब्दाची व्युत्पत्ती पक्की ठाऊक नाही. एखाद्या वस्तूचे नाव आठवले नाही की आपण ‘ते हे’ म्हणतो, तसा अमेरिकी बोलीत तो पूर्वी वापरला जाई. गाण्याशी त्याची गाठ पडली ती सिएटलमध्ये. १९४०च्या सुमारास तिथल्या डाव्या राजकीय कार्यकर्त्यांनी निधी जमवण्यासाठी दर महिन्याला गाण्याचे मेळावे सुरू केले आणि त्यांना हे नाव दिले. सीगर आणि दुसरे लोकगायक वुडी गथ्री १९४१मध्ये तिकडे गेले, त्यांना शब्द आवडला, आणि तो न्यूयॉर्कला पोचला. तिथे या दोघांच्या ‘आल्मनॅक सिंगर्स’ या गटाची मंडळी राहत्या घराचे भाडे निघावे म्हणून हूटनॅन्या भरवू लागली. पुढे न्यूयॉर्कच्याच ग्रिनिच व्हिलेज भागातल्या ‘गर्डीज फोक सिटी’ या क्लबात सोमवारची रात्र हूटनॅनीची असे. नवख्या गायकांना तिथे गायला मिळे. बॉब डिलनही १९६१मध्ये तिथे गायले.

१९६३मध्ये एबीसी या अमेरिकी दूरचित्रवाहिनीने याच नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि शब्द घरोघरी पोचला. पण ज्यांनी तो रुजवला त्या सीगरनाच राजकीय मतांपायी वाहिनीने दूर ठेवले. गायिका जोन बाएझ यांच्यासह अनेकांनी त्या कार्यक्रमावर बहिष्कार टाकला. १९६४मध्ये तो बंद पडला. हा अन्याय ठाऊक असल्याशिवाय त्या काळच्या लेखनात या शब्दाला असलेली धार कळत नाही, म्हणून अनुवादात एखादी तळटीप जरूर द्यावी.

राजकीय अंगाने पाहिले तर ‘जलसा’ जवळचा वाटतो. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गाणे आणि चळवळ एकत्र आणली. पण जलसा बसवलेला असतो, गाणारी मंडळी ठरलेली असतात. गाण्याची रीत पाहिली तर भजन अधिक जवळचे: एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी टाळांवर ध्रुवपद धरायचे. फक्त तिथे भक्तीचा संदर्भ सुटत नाही.

तेव्हा शब्द आहे तसाच ठेवावा, पहिल्या उल्लेखाला ‘सर्वांनी मिळून गाण्याची बैठक’ असा खुलासा जोडावा. लिंग स्त्रीलिंगीच शोभते: ती हूटनॅनी, त्या हूटनॅन्या, हूटनॅनीत गायले.