पायथॉनने केलेल्या झिप फाइलचा आकार कमी का होत नाही?

पायथॉनच्या झिपफाइल (zipfile) मॉड्यूलने, म्हणजे झिप फाइली हाताळणाऱ्या तयार कोडने, झिप करूनही आकार मूळ फाइलींइतकाच राहतो, याचे कारण असे की वेगळे काही सांगितले नाही, तर हे मॉड्यूल फाइली कॉम्प्रेस न करता जशाच्या तशा साठवते; म्हणून झिपफाइल ऑब्जेक्ट तयार करतानाच कॉम्प्रेशन या पॅरामीटरला झिप_डिफ्लेटेड (ZIP_DEFLATED, म्हणजे झिपची नेहमीची कॉम्प्रेशन पद्धत) हे मूल्य द्यावे. पायथॉन 3.7 पासून कॉम्प्रेसलेव्हल, म्हणजे कॉम्प्रेशनची पातळीही, 0 ते 9 अशी ठरवता येते, मात्र जेपीईजी छायाचित्रे मुळातच कॉम्प्रेस केलेली असल्याने तिथे 9 देऊनही फारसा फरक पडत नाही. झिप फाइल विथ ब्लॉकमध्येच (काम संपताच फाइल आपोआप बंद करणाऱ्या रचनेतच) उघडावी, असा माझा आग्रह आहे, कारण आतल्या फाइलींची सूची झिपच्या शेवटी, ती बंद होताना लिहिली जाते आणि ती सूची राहून गेली, तर झिप उघडतच नाही.