कायदा सगळ्यांना समान असेल तर कारवाई आधी हातगाडीवरच का होते?

कागदावर समान आहे, कारवाईत नाही. सोलापुरात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी आत्या नवी पेठेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. एका संध्याकाळी महापालिकेच्या अतिक्रमण विभागाची गाडी आली. काटा, वजनं, चटणीचे डबे, भाकऱ्यांची टोपली, सगळं उचलून गाडीत टाकलं. आत्या टोपलीला धरून होती, तर एकानं तिचा हात झटकला. यादी नाही, पावती नाही. दुसऱ्या दिवशी सोडवायला गेलो तर आधी दंड भरा म्हणाले. काटा मिळाला, डबे गायब.

आणि तिच्या पाठीमागचं कॉम्प्लेक्स? नकाशात पार्किंग, प्रत्यक्षात गाळे. नोटीस निघाली, मालकानं वकील लावून स्टे आणला. गाळे अजून चालू आहेत.

आमचे दाजी अजूनही म्हणतात, "रस्ता अडवला होता ना? मग उचलणारच." दाजी, 2014 चा पथविक्रेता कायदा वाचा. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं दिल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही. माल जप्त केला तर यादी द्यावीच लागते. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. त्या भाकऱ्या कुठे गेल्या, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का? मोठ्यांसाठी मात्र कायदाच वाकतो. 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामं काही अटींवर, शुल्क भरून नियमित करायला 2017 मध्ये राज्याच्या नगररचना कायद्यात दुरुस्ती केली. फेरीवाल्याच्या हक्काचा कायदा मात्र अतिक्रमणच्या गाडीवरच्या माणसांना कोणी शिकवत नाही.

मोठ्यांचं कधीच पडत नाही असंही नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानसेवेला अडथळा ठरलेली चिमणी जून 2023 मध्ये पाडली. पण त्याआधी नोटिसा, सुनावण्या, कोर्ट यांत वर्षं गेली. फुटपाथ मोकळे हवेत हेही मला मान्य आहे, म्हाताऱ्या माणसांनी चालायचं कुठून?

तुमच्या ओळखीत कुणाचा माल उचलला तर तिथेच सहीची यादी मागा, मोबाईलवर शूटिंग करा, फेरीवाल्यांच्या संघटनेला फोन लावा. आणि घरात कुणी "चूक तुमचीच" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आमच्या आत्यानं ऐकून घेतलं, आणि त्यानंतर तिनं गाडा लावलाच नाही. दाजींना हे पटत नसेल तर त्यांनी त्या गाळ्यांच्या मालकाला जाऊन सांगावं, पार्किंग अडवलंय म्हणून.