हिडन ऑब्जेक्टवाल्या, म्हणजे चित्रातल्या पसाऱ्यात लपलेल्या वस्तू शोधायच्या, डिटेक्टिव्ह गेम्स लोकांना इतक्या का आवडतात?

दर काही सेकंदांनी ‘सापडलं!’चा छोटा आनंद मिळतो आणि खुनाचं रहस्य त्या शोधाशोधीला निमित्त पुरवतं, म्हणून. नुसती पसाऱ्यातून कात्री नि किल्ली हुडकायची म्हटलं तर लवकरच कंटाळा येईल. पण तिथेच रक्ताचा डाग असलेला रुमाल हाती लागला की पुढचा सीन उघडावासा वाटतोच. २००५च्या ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल’पासून २०१२ला फेसबुकवर आलेल्या ‘क्रिमिनल केस’पर्यंत मी बऱ्याच खेळलोय, त्यावरून सांगतो. बोटांची चपळाई लागत नाही, नियम मिनिटभरात कळतात, म्हणून एरवी गेम न खेळणारेही यात रमतात. शिवाय तोच सीन परत खेळला की वस्तूंच्या जागा आठवतात, वेग वाढतो, स्कोअरही वाढतो. आपण हुशार झालो असं वाटतं (खरं तर फक्त पाठांतर झालेलं असतं!). तपास मात्र बहुतेकदा नावालाच. खुनी कथेत आधीच ठरलेला असतो. आणि फुकटच्या गेममध्ये एनर्जी (सीन खेळायला खर्च होणारे, वेळेनुसार परत भरणारे पॉइंट्स) संपली की थांबा किंवा पैसे भरा. निवांतपणासाठीच खेळणारे बरेच जण इथेच सोडून देतात.